ज्येष्ठ मंडळाचं कलम नऊ

२० एप्रिल

आज कमिटीची बैठक पावणेदोन तास चालली. नोंद घ्यायला नेहमीप्रमाणे मीच होतो. बत्तीस वर्षं मी विधान परिषदेत प्रतिवेदक होतो. सदस्यांनी बोलायचं, मी लघुलेखनात शब्द न शब्द उतरवायचा, दहा मिनिटं झाली की पुढचा माणूस येऊन बसायचा आणि मी उठायचं. त्या बत्तीस वर्षांत सभागृहात माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. निघायचं नसतंच. निवृत्तीनंतर इथे बदलापूरला, मांजर्लीत, फ्लॅट घेतला तो नदीकाठची हवा मिळेल म्हणून. नदी हवेपुरती थांबत नाही हे नंतर समजलं.

आजचा विषय त्याच नदीचा. आमच्या उल्हासतीर सोसायटीची मीटर केबिन तळाला, पार्किंगच्या कोपऱ्यात आहे. कमिटीतली सगळ्यात तरुण मेंबर तेजस्वी इंजिनियर आहे. तिने केबिन पहिल्या मजल्यावर, जिन्यालगतच्या मोकळ्या जागेत न्यायचा आराखडा आणला होता. पावसाळ्याआधी काम व्हायला हवं असं तिचं म्हणणं. खर्चासाठी प्रत्येक फ्लॅटकडून जादा वर्गणी काढावी लागेल म्हटल्यावर बाकीचे खाली बघू लागले. मग सेक्रेटरी धर्मेश खजिनदाराला म्हणाला, "पास करून टाक रे. वर पाठवू. वर गेलेलं काय खाली येत नाय." हे तो इतक्या झपाट्याने बोलला, तरी माझ्या वहीत एक शब्द सुटलेला नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

वर म्हणजे आमच्याकडे, ज्येष्ठ मंडळाकडे. आलेला विषय आम्ही नीट तपासतो, घाईने खाली सोडत नाही, हे कमिटीलाही ठाऊक आहे. बरं वाटलं.

२१ एप्रिल

आमच्या सोसायटीत दोन सभागृहं आहेत, हे वाक्य मी पाहुण्यांना नेहमी ऐकवतो आणि नेमकी त्याच वेळी माझी बायको सखू चहा टाकायला उठते. पण खोटं काय आहे त्यात? खाली निवडून आलेली कमिटी. वर सात ज्येष्ठांचं मंडळ, नेमलेलं, अध्यक्ष मी. आठ वर्षांपूर्वी कमिटीत खुर्च्या फेकण्यापर्यंत भांडणं गेली तेव्हा ही कल्पना मीच मांडली आणि सर्वसाधारण सभेने टाळ्या वाजवून मंजूर केली. नियमही मीच लिहिले, बहुतेक परिषदेच्या धर्तीवर. कलम नऊ तेवढं माझ्या अकलेचं.

एका बाबतीत मात्र जमलं नाही. परिषदेत दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. सातला तीनने भाग जात नाही म्हणून मी ते कलम गाळलं. तेव्हापासून आमच्यातलं कोणी निवृत्त झालेलं नाही. दोघे गेले ते कायमचेच, त्यांच्या जागी दुसरे नेमले.

२४ एप्रिल

खालच्या मजल्यावर बनूबाईंकडे जाऊन आलो. मंडळातल्या त्या एकट्या बाई. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. बिल्डरने त्या बदल्यात पहिल्या मजल्यावर दोन फ्लॅट दिले. वय अठ्ठ्याहत्तर, सही अंगठ्याची. गेल्या दिवाळीपासून ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस लागतं. नाकात नळी घालून कोळंबी सोलत बसल्या होत्या.

"मीटरचा काय केला, अनंता?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान, त्यामुळे एकेरीच.

मी म्हटलं, विषय मंडळापुढे आहे, रीतसर चर्चा होईल.

"चर्चा कसली? ती खोली जिथं बांधली ना, तो आमचे खाचराचा खलगा. पानी पयला तिथंच येतं. बिल्डरला मी तवाच सांगितलेला. मना अडानी समजला तो."

त्यांचा मुलगा हिरामण खरवईत राहतो, जागांचे व्यवहार करतो. त्याने इन्व्हर्टर बसवून दिलाय. पाच तास चालतो म्हणे. त्यानंतरचं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. निघताना कोळंबीचा डबा हातात दिला. डबा बघून सखूने आज मला फार प्रश्न विचारले नाहीत.

४ मे

मंडळाची बैठक. मी धरून तिघे हजर. गणपूर्ती पाचांची. अर्धा तास वाट पाहून तहकूब केली. मे महिन्यात माणसं गावाला जातात, त्याला नियम काय करणार! लालवाणी शेठ, ज्यांचं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये पडद्यांचं दुकान आहे, भाचीच्या लग्नाला इंदूरला गेलेत. एक जण साताऱ्याला, एक नातवाच्या मुंजीत.

मुदत अकरा तारखेपर्यंत आहे. कलम नऊ: ठराव मिळाल्यापासून एकवीस दिवसांत मंडळाने निर्णय न दिल्यास तो फेटाळला असे समजावे.

११ मे

आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा.

सकाळी अकराला बैठक बोलावली होती. तिघे आम्ही. मग बनूबाई आल्या. हिरामणने एका हातात छोटा सिलिंडर धरला होता आणि दुसऱ्या हाताने आईला. एक मजला लिफ्टने आणि वीस पावलं चालून यायला त्यांना दहा मिनिटं लागली. चार झाले. पाचवा नाही.

तेजस्वी दारातच उभी होती. "काका, लालवाणी अंकल ऑनलाइन आहेत. व्हिडिओ कॉल लावते. पाच होतील."

तिने फोन समोर धरला. मागे बँडचा आवाज, आणि लालवाणी फेटा बांधून. "हां अनंतजी, मेरी तरफ से हां है. लिखो. मंजूर."

मी नियम उघडला. कलम पाचमध्ये "उपस्थित" असा शब्द आहे. उपस्थित म्हणजे उपस्थित. फोनवरचा माणूस उपस्थित धरला तर उद्या कोणीही कुठूनही हात वर करील. मी तसा निर्णय दिला. अध्यक्षाचा निर्णय अंतिम असतो. तेजस्वीने फोन बंद केला आणि म्हणाली, "काका, उपविधींची पूर्ण प्रत वाचली मी. त्यात ज्येष्ठ मंडळ असा शब्दच नाहीये. कायद्यात तुम्ही एक्झिस्टच करत नाही." हे बोलणं मला लागलं. ते मी तिला दाखवलं नाही.

ती गेल्यावर बनूबाई म्हणाल्या, "अनंता, तो शेठ इथं बसलेला, असा लिव ना. दोन ओली. कोन बघतंय?"

हिरामण म्हणाला, "काका, सगल्या सोसायट्यांत असंच चालतं. घरी बसून मीटिंगा लिवतात."

चालतं, मला माहीत आहे. पण मी बत्तीस वर्षांत न बोललेला शब्द लिहिला नाही आणि बोललेला गाळला नाही. मंत्र्यांचे निरोप आले तरी नाही. त्या एका गोष्टीवर मी ताठ मानेने निवृत्त झालो. बनूबाईंना म्हटलं, "न झालेली बैठक मी लिहिणार नाही."

सिलिंडरचा काटा बघून हिरामण म्हणाला, चल आये.

ठराव संपला. रजिस्टरमध्ये नोंद केली: गणपूर्तीअभावी बैठक झाली नाही, कलम नऊनुसार कमिटीचा ठराव क्रमांक सतरा फेटाळला असे समजण्यात येत आहे. अक्षर चांगलं आलंय.

१२ मे

सखूने सकाळी विचारलं, "सातांपैकी नको कोण म्हणालं?"

मी म्हटलं, कोणीच नाही.

"मग फेटाळला कोणी?"

"नियमाने."

"आणि नियम कोणी लिहिला?" असं विचारून ती भाजी आणायला गेली. ती असं अर्धवट टाकून जाते त्याची मला चीड येते.

९ जून

तेजस्वी पुन्हा ठराव आणायचं म्हणत होती. कलम अकराप्रमाणे फेटाळलेला विषय तीन महिने आणता येत नाही. तिला ते समजावून सांगितलं. तिने मान डोलावली. धर्मेशला जिन्यात भेटलो तर तो खूश दिसला. "काका, तुमच्यामुळे सोसायटीला शिस्त आहे. कोणी वर्गणीचं विचारलं की मी सांगतो, आमची तयारी होती, ज्येष्ठांनी थांबवलं." त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. शिस्तीचं नाव निघालं याचा आनंद झाला, तरी खांदा जरा अवघडल्यासारखा झाला. कारण कळलं नाही.

१९ जुलै

सकाळी आठला पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी. नऊला गुडघ्यापर्यंत. गाड्या रात्रीच लोकांनी पुलाकडे नेऊन लावल्या होत्या. दहा वाजून दहा मिनिटांनी मीटर केबिनमधून फट असा आवाज आला आणि दोन्ही विंगांची वीज गेली. समोरच्या तीन सोसायट्यांत दिवे चालू होते. त्यांच्या केबिन वर आहेत.

मी खाली बनूबाईंकडे गेलो. इन्व्हर्टरवर मशीन चालू होतं. हिरामण खरवईहून निघाला होता, पण रस्ता बंद. फोनवर सारखं "आयलो, आयलो" म्हणत होता.

बनूबाईंनी विचारलं, "मीटर बुडला?"

"हो."

"पानी जिन्याच्या चौथ्या पायरीला थांबंल. पूर्वी इथं जांभल होती, तिच्या बुंध्याला लागून उतरायचा." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

तीन वाजून पाच मिनिटांनी इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि मग मशीन बंद पडलं. छोटा सिलिंडर लावला. त्याचा काटा अर्ध्याच्या खाली होता. सखूने त्यांना पाठीशी उशा देऊन बसतं केलं आणि छाती चोळत राहिली. मी काय करत होतो? मी काट्याकडे बघत होतो. तेजस्वीने फायर ब्रिगेडला, नगरपालिकेला, कोणाकोणाला चाळीसेक फोन केले. फोनवर बोललेलं सगळं चालतं, सगळीकडे चालतं, असं माझ्या मनात येत राहिलं.

बोट पावणेपाचला आली. त्यात हिरामण होता आणि मोठा सिलिंडर. बनूबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यातून उतरवलं. पाणी चौथ्या पायरीला होतं. त्यांचे ओठ निळे दिसत होते. बोटीत बसवताना त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, तो हिरामणने सोडवला. त्या मला काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ जुलै

वीज आली. चार दिवस लागले. बनूबाई हॉस्पिटलमध्ये, अतिदक्षता विभागात. हिरामण फोन उचलतो पण लगेच ठेवतो.

वरचं अकरा मेचं पान आज पुन्हा वाचलं. "अक्षर चांगलं आलंय" असं मी लिहिलंय. लाज वाटली. खोडावंसं वाटलं, पण लिहिलेलं खोडायची सवय नाही.

२९ जुलै

बनूबाई धोक्याबाहेर आहेत. आता हिरामणकडे खरवईला नेतील. सखूने देवापुढे साखर ठेवली. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो आणि बराच वेळ आत आलो नाही.

३ ऑगस्ट

सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. २४ ऑगस्ट. विषय क्रमांक दोन: ज्येष्ठ मंडळ बरखास्त करणे. सूचक तेजस्वी, अनुमोदक धर्मेश. म्हणजे कमिटीनेही हात झटकले. लिफ्टमध्ये लोक माझ्याशी बोलत नाहीत. "म्हाताऱ्यांनी अडवलं" असं एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता. धर्मेशने सगळ्यांना तसंच सांगितलं आहे.

माझी बाजू मांडायची म्हणून आठ वर्षांच्या वह्या काढल्या.

५ ऑगस्ट

तीन दिवस वाचतोय. लघुलेखन वाचणं म्हणजे माणसांचे आवाज पुन्हा ऐकणं. आणि मला ऐकू काय येतंय, तर धर्मेश. रॅम्पचा ठराव: "वर ढकल, तिकडे झोपेल." पाण्याच्या टाकीची डागडुजी: "आपण हो म्हणायचं, बाकी म्हातारे बघतील." आणि यंदाचं, "वर गेलेलं काय खाली येत नाय." आठ वर्षांत वर आलेले चौदा विषय. त्यातले अकरा कलम नऊने संपले. त्या अकरापैकी एकालाही आम्ही तोंडाने नको म्हटलेलं नाही. ज्या विषयात लोकांना नाही म्हणायची कमिटीची छाती होत नव्हती, तो विषय ते हसत हसत मंजूर करत आणि माझ्या दारात आणून टाकत. मी ते सन्मानाने फाइलला लावत होतो.

सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं. सखूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, हे तुम्ही आत्ता वाचलंत? लिहिताना काय करत होता?"

"लिहीत होतो," मी म्हटलं. परिषदेतही असंच व्हायचं. घरी आल्यावर कोणी विचारलं आज काय झालं, तर मला सांगता यायचं नाही.

१६ ऑगस्ट

ठरवलं होतं, सभेत वह्या वाचून धर्मेशला उघडं पाडायचं. भाषण तयार केलं, अकरा पानी. मग वाटलं, ज्या दाराने तो सारखा पळत होता ते दार बांधलं कोणी? भाषण बाजूला ठेवलंय. मंडळ बरखास्त होऊ दे. मी विरोध करणार नाही.

२४ ऑगस्ट

सभा पार्किंगमध्येच झाली. भिंतीवर पुराची रेघ अजून आहे, खुर्च्यांच्या बैठकीच्या बरीच वर. सव्वाशेक माणसं. मी बाजूला टेबलावर वही घेऊन बसलो. नोंद मीच घ्यावी असं तेजस्वीनेच सुचवलं, का ते देव जाणे.

विषय दोन सुरू झाला तेवढ्यात रिक्षा आली. हिरामणने बनूबाईंना आणलं होतं. अर्ध्या राहिल्या आहेत. सगळे उठून उभे राहिले. धर्मेशने स्वतःची खुर्ची दिली.

तेजस्वीने ठराव वाचला. मग मी परवानगी मागून वहीतली धर्मेशची तीन वाक्यं वाचली, तारखांसकट. आणि लगेच माझं अकरा मेचं वाक्य, "न झालेली बैठक मी लिहिणार नाही." आम्हा दोघांची नावं लागली पाहिजेत, एकट्या धर्मेशचं नव्हे, असं काहीसं म्हणालो, नीट आठवत नाही. धर्मेश लाल झाला, पण खोटं आहे असं म्हणाला नाही. आवाज वाढले. "बंद करा मंडळ!" मागून कोणीतरी ओरडलं. हात वर व्हायला लागले.

"मना बोलाचा हाय," बनूबाई म्हणाल्या.

हिरामणने सिलिंडर जवळ सरकवला. त्या एकेक वाक्य थांबून थांबून बोलल्या आणि मी लिहीत गेलो.

"बंद नको करू. यांचे कमिटीत पोरं येतात नि जातात. पानी कुठं येतं तं कोनाला ठाव? मना ठाव. मंडल नसंल तं मना कोन इचारंल? मंडल ऱ्हावू दे. पन आमी गप बसलो, नाय आलो, लग्नाला जेलो, तं होय समजा. काम थांबाया नको. नको बोलाचा असंल तं इथं येवून, तोंडान बोलाचा."

तेजस्वी हळूच म्हणाली, "म्हणजे मुदतीत उत्तर आलं नाही तर ठराव मंजूर."

"हां. तसा."

मग बनूबाई माझ्याकडे वळल्या. "अनंता, तू मुंबयला एवढी वरसं होतास. तिथं कसा हाय?"

माझी पेन्सिल चालू होती. मी त्यांचा प्रश्न लिहिला आणि मग लक्षात आलं की उत्तर मला द्यायचं आहे.

"तिथे असंच आहे," मी म्हणालो. "खर्चाचं विधेयक चौदा दिवसांत परिषदेने परत पाठवलं नाही, तर ते मंजूर झालं असं समजतात. बाकीच्या विधेयकांनाही परिषदेला थोडे महिने थांबवता येतं, कायमचं अडवता येत नाही."

"म्हंजे मी बोल्ले तसाच."

"तसंच."

"मंग तू उलटा का लिवलास?"

रागाने विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. सव्वाशे माणसं माझ्याकडे बघत होती आणि सखू दुसऱ्या रांगेत. मी पेन्सिल खाली ठेवली.

ठराव दुरुस्तीसह मंजूर झाला, विरोधात नऊ. कलम अकरा रद्द. मीटर केबिनचा ठराव तिथेच पुन्हा मांडला गेला आणि लालवाणी शेठसकट मंडळातल्या सातही जणांनी, उपस्थित राहून, तोंडाने होय म्हटलं. काम गणपतीनंतर लगेच सुरू. हे सगळं तेजस्वीने लिहून घेतलं, कारण मी पेन्सिल पुन्हा उचलली नव्हती.

आत्ता रजिस्टर पुरं करायला बसलोय. तेजस्वीच्या नोंदीत बनूबाईंच्या प्रश्नापुढे जागा कोरी आहे. "काका, ते तुम्हीच भरा," म्हणाली. न बोललेला शब्द मी लिहीत नाही, आणि बोललेला गाळत नाही. म्हणून भरतोय, सभेत बोललो तसंच:

श्री. अनंता, अध्यक्ष, ज्येष्ठ मंडळ: "बत्तीस वर्षं माझं कोणी ऐकलं नव्हतं, बनूबाई. उलटं लिहिलं की सगळ्यांना माझ्यासाठी थांबावं लागणार होतं."